नववी गोपनीय

"फाइलला कुणीही हात लावलेला नाही," कुलदीप सर म्हणाले आणि मुख्याध्यापिका पूनम मॅडमच्या समोरच्या खुर्चीत न विचारता बसले. गेल्या वर्षी याच खोलीत त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

गेल्या वर्षी नववीचा माहिती तंत्रज्ञानाचा पेपर फुटला होता. काढला सरांनी, ठेवला सरांच्या लॅबमध्ये, आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी रेवदंड्याच्या वडापावच्या गाडीवर त्याची खुली चर्चा चालू होती. संस्थेने तंबी दिली. पुन्हा असं झालं तर बदली, थेट हरिहरेश्वरच्या बाजूच्या शाळेत. सरांचं घर इथे, नुकताच स्लॅब टाकलेलं. बायको इथल्या पतपेढीत. तेव्हा सरांनी यंदा डोकं चालवलं होतं.

"पेपर ठेवलाय कुठे, मला तरी सांगा," मॅडम म्हणाल्या.

"तुम्हाला सांगितलं की गुपित दोघांचं झालं. तिथूनच गळती सुरू होते, मॅडम."

मॅडमना हे रुचलं नाही. पण चाचणी गणपतीच्या सुट्टीनंतर होती, आणि आत्ता दारात गणेश मंडळाचे अध्यक्ष येसाजी तात्या उभे होते. मंडळाचा मांडव शाळेच्या पटांगणात पडायचा आणि शाळेचे पत्रे तात्यांच्या कृपेने टिकून होते.

"मास्तर, मंडळाची पत्रिका छापायची हाय. पोरं तुमच्या कॉम्प्युटरवर बसली तर चालंल न्हवं?"

"खुशाल बसू द्या."

"आन् कुलूप? गेल्या साली तर दाराला कुलपांची माळ व्हती!"

"कुलूप म्हणजे चोराला दिलेला पत्ता, तात्या. आता सगळं उघडं आहे."

"व्हय? मग चोरायचं काय?" तात्या निराश होऊन गेले.

सरांची योजना साधी होती. लॅबमध्ये जो एकुलता एक न कुरकुरता चालणारा कॉम्प्युटर होता, त्याच्या पडद्यावर मधोमध एक फाइल ठेवली होती: 'नववी गोपनीय'. तिला लांबलचक पासवर्ड. आत जुनाट, बाद झालेला पेपर. ती फाइल शेवटची कधी उघडली हे कॉम्प्युटर सांगतो, आणि सर रोज सकाळी ते बघत. उंदीर पिंजऱ्यात शिरला की लगेच कळणार.

खरा पेपर दुसरीकडे होता. 'इतर' नावाच्या अडगळीत 'आरती संग्रह' म्हणून एक फाइल होती. सरांचं काम पक्कं. आधी खरोखरच्या आरत्या, ठळक अक्षरात, शुद्धलेखन तपासून, भोवती वेलबुट्टीची चौकट काढून. त्या संपल्या की त्याच चौकटीत, त्याच अक्षरात पेपर. पेपर चोरायला आलेलं पोरगं आरती कशाला उघडेल? या फाइलकडे मात्र सर ढुंकूनही बघत नसत. लपवलेल्या जागेकडे सारखा बघणारा माणूसच ती जागा दाखवून देतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"कॉम्प्युटर बंद केला की पुसली जाते ती मेमरी कोणती?" त्यांनी नववीच्या वर्गात विचारलं.

"हार्ड डिस्क!" सगळा वर्ग.

"अरे, किती वेळा सांगू? स्वयंपाक करता तो ओटा, ती रॅम. रात्री पुसून लख्ख. सामान ठेवता तो माळा, ती हार्ड डिस्क. माळ्यावरचं कुठे जातं का?"

"आमच्या माल्यावरचं उंदीर खातात, सर," अमिषा म्हणाली.

"त्यालाच व्हायरस म्हणतात. बस खाली."

अमिषा बसली नाही. "सर, त्या गोपनीय फाइलचा पासवर्ड केवढा लांब हाय?"

"तुझ्या गृहपाठाच्या कारणांएवढा."

वर्ग हसला. सरही हसले. पोरांची नजर बरोबर पिंजऱ्यावर होती.

पुढे मात्र पोरांनी त्या फाइलचा विषयच सोडला. लॅबमध्ये आली तरी तिच्याकडे बघेनात. सुट्टी लागायच्या दिवशी सरांनी शेवटची तपासणी केली. पिंजरा जसाच्या तसा. फक्त प्रिंटरची शाई संपली होती. मंडळाच्या पोरांना एक पत्रिका छापायला एवढी शाई लागते, असं पुटपुटत ते मॅडमकडे गेले.

"पोरं सुधारली म्हणायची," मॅडम म्हणाल्या.

"पोरं सुधारत नसतात, मॅडम. यंत्रणा सुधारावी लागते."

चतुर्थीच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला होता. तात्यांनी सरांना हाताला धरून पुढे उभं केलं आणि एक गुळगुळीत पुस्तिका हातात दिली.

"यंदा मंडळाची सोताची पुस्तिका, मास्तर. सुट्टीआधीच घराघरात वाटली, तुमची तेवढी राखून ठिवली व्हती. शाळंत शाई संपली, मंग अलिबागंस्नं छापून आणली. मागं बघा."

मागच्या पानावर छापलं होतं: 'संगणक सहकार्य: कुलदीप सर'. सरांना भरून आलं. आरत्या त्यांना तोंडपाठ होत्या. पुस्तिका न उघडताच खिशात घालून त्यांनी डोळे मिटले आणि टाळ्यांचा ठेका धरला.

गणपतीची झाली. शंकराची झाली. देवीची झाली. गावाची रीत अशी की एकदा आरती उभी राहिली की पुस्तिका संपेपर्यंत थांबायचं नाही, आणि तात्या एकदा गायला लागले की पुढचं-मागचं बघत नसत. टाळ चढले, झांजा चढल्या. तात्यांनी पान उलटलं आणि त्याच चालीत, त्याच टिपेला सुरू केलं,

"प्रश्न पहिलाऽऽ... कॉम्प्युटर बंद करताऽ... पुसली जाते ती मेमरी कोणतीऽऽ..."

आणि मागून नववीच्या अख्ख्या वर्गाने, पुस्तिकेकडे न बघता, एका सुरात उत्तर दिलं, "रॅम!"