झाकणावरची गाडी

"ताई, ही गाडी मी काय खिशात घालू?" फिटर म्हणाला. पाणीखात्याचा हा माणूस कालही येऊन गाडी बघून परत गेला होता. शेजारच्या काकांच्या गाडीचं मागचं चाक चेंबरच्या लोखंडी झाकणावर बरोब्बर मधोमध होतं. झाकणाखाली तिच्या घराचा व्हॉल्व्ह होता. तो अडकल्यापासून, म्हणजे शनिवारपासून, तिच्या नळाला करंगळीएवढी धार होती. आज ती पण थांबली होती.

"आज नाही झालं तर तक्रार बंद करावी लागेल. मग नवीन नंबर, नवीन आठ दिवस."

कडेवरची सात महिन्यांची मुलगी फिटरच्या पहारीकडे टक लावून बघत होती. आठ दिवस. घरात बाळासाठी उकळून गार केलेलं तांब्याभर पाणी, बस्स. नवरा कामावर दूर होता, यायला अजून दहा आठवडे. फोनवर तो म्हणाला होता, "त्या म्हाताऱ्याशी वाद घालू नकोस." सांगायला काय जातं?

"मी गप्प बसलेय असं वाटतंय तुम्हाला?" तिने काखेतली वही काढली. बाळाच्या दुधाची वही. कधी प्यायली, किती प्यायली, कधी ओकली, सगळं त्यात असे. त्याच पानांवर, समासात, तिने शेजारच्या काकांचा हिशेब मांडला होता. तिने वाचून दाखवलं, पुरावा दाखवतात तसं.

"रविवारी अकरा दहा, बेल वाजवली. उघडलं नाही. आत दिवा चालू. रविवारी पाच, बेल. दिवा चालू. सोमवारी साडेसात, दिवा चालू. सव्वाबारा, तुम्ही गेल्यावर. पाच मिनिटं वाजवत होते. चार चाळीस. आज आठ वाजता. आणि आत्ता तुमच्यासमोर सातव्यांदा. दिवा बघा, आत्तासुद्धा चालू आहे. घरात आहेत आणि मुद्दाम उघडत नाहीत."

"मुद्दाम कशाला?"

"मागच्या महिन्यात बाबागाडी निघत नव्हती म्हणून गाडी जरा पुढे घ्या म्हटलं, तर म्हणाले, ही गाडी तुझ्या जन्माच्या आधीपासून इथे उभी राहते. तेव्हापासून बोलणं बंद."

खरं तर त्याच्या आधी तरी कुठे बोलणं होतं? या गल्लीत तिचं कुणाशीच नव्हतं. दोन दिवसांत मोठ्या माणसाशी ती एवढं बोलली ती आत्ताच. सोमवारी सव्वाबाराला मात्र ती बंद दाराशी बोलली होती. सुरुवात पाण्यापासून झाली. मग लाज वाटते का, घरात तान्हं मूल आहे, माणूस आहात की दगड, असं करत ती भलतीकडेच गेली. इथे कुणी साधं हाय-हॅलो करत नाही, मी मेले तरी कळायचं नाही कुणाला, हेसुद्धा ती त्या दाराला सांगून बसली. मग रडू आलं म्हणून घरी आली आणि वहीत लिहिलं : उघडलं नाही.

फिटर वहीकडे बघत नव्हता. तो खिडकीतल्या दिव्याकडे बघत होता. बाहेर ऊन चढलं होतं.

"दिवा भरदुपारी पण चालू?"

"दुपारी, संध्याकाळी, कधीही बघा."

"ताई, दार केव्हा केव्हा उघडलं नाही ते तुम्ही मिनिटामिनिटाने लिहिलंय. माणूस शेवटचा कधी बघितलात?"

तिने पानं उलटली. एक मागे, दोन मागे. त्याची नोंद नव्हती.

फिटरने झाकणासाठी आणलेली पहार उचलली आणि मागच्या दाराकडे धावला.

काका न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आडवे होते. एक पाय विचित्र वळलेला. रविवारी पहाटे पडले होते. हाताशी बादली होती, तिच्यातल्या पाण्यावर एक दिवस निघाला, मग तीही कलंडली. डोळे उघडे होते. तिने बाळाला फिटरकडे दिलं आणि घरी पळाली. तांब्यातलं पाणी बाळाच्या चमच्याने, एकेक चमचा करून, ती त्यांना पाजत राहिली. तांब्या संपला तरी ती चमचा धरून बसली होती.

रुग्णवाहिकेला जागा हवी म्हणून फिटरने खुंटीवरची किल्ली घेऊन, बाळाला मांडीवर धरूनच गाडी काढली. झाकण मोकळं झालं. तिकडे कुणी बघितलंही नाही.

स्ट्रेचर दारातून बाहेर येताना काकांनी हात हलवला. माणसं थांबली.

"बेल कोण वाजवत होतं?" आवाज कागदासारखा झाला होता.

"या ताई," फिटर म्हणाला.

काकांनी तिच्याकडे बघितलं. "सात वेळा. मोजत होतो मी. हाका मारल्या, पण इथून पुढच्या दारापर्यंत आवाज जाईना. मग म्हटलं, येतंय ना कुणीतरी. पुन्हा येईल." त्यांनी दम घेतला. "काल तर तू बराच वेळ बोलत होतीस. शब्द एक लागत नव्हता, पण बरं वाटत होतं. या घराशी इतका वेळ कुणी बोललं नाही गं बरीच वर्षं. काय म्हणत होतीस?"

बाळ फिटरच्या खांद्यावरून तिच्याकडे झेपावत होतं. तिने त्याला घेतलं, घट्ट धरलं.

"विचारत होते," ती म्हणाली, "कसे आहात."