एकेरी पुलावरचा डिपर

निळी युट गाडी आजही पुलाच्या त्या टोकाला शहाण्यासारखी थांबली होती. पुरुषोत्तमरावांनी दोनदा डिपर मारला, आणि ती निघाली.

त्यांना करकचून ब्रेक दाबावा लागला. पूल एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. आधी कोणी जायचं ते पाटीवर स्पष्ट होतं. पांढरा मोठा बाण त्यांच्या बाजूचा. तरी हे रोजचंच. युटवाला थांबलेला असायचा, यांनी दिवे दाखवले की सुटायचा, आणि शेजारून जाताना वर हात करायचा. टोपी आणि काळ्या चष्म्याखाली त्याचे फक्त दात दिसायचे. युटला मागे छोट्या ट्रकसारखा उघडा हौदा, त्यात एक पांढरा कुत्रा बसलेला असे. अलीकडे तोही आपल्याला हसतो असं पुरुषोत्तमरावांना वाटू लागलं होतं.

साताऱ्याला पाटबंधारे खात्यात त्यांनी तीस वर्षं जीप चालवली होती. घाटात, वळणावर, अरुंद पुलावर दोनदा डिपर मारला की समोरचा ट्रकसुद्धा जागच्या जागी उभा राहायचा. आम्ही येतोय, हलू नका, एवढाच त्याचा अर्थ. परदेशात, टौरंगात लेकीकडे येऊन वर्ष होत आलं, पण इथल्या माणसाला एवढी साधी रीत कळू नये याचा त्यांना भयंकर संताप यायचा.

तसा या गाडीच्या दिव्यांनी त्यांचा जीव मेटाकुटीला आणलाच होता. जावयाची, सुमेधची गाडी जपानहून आलेली, तिचं माहितीपुस्तकही जपानी. स्टिअरिंगपाशी एक दांडी. तिचं टोक फिरवलं की बारीक दिवे, आणखी फिरवलं की मोठे, आणखी फिरवलं की 'ऑटो'. म्हणजे दिवे लावायचे की नाही ते गाडीच ठरवणार. मग मी इथे कशाला बसलोय, असं ते सुमेधला विचारायचे. दांडी पुढे ढकलली की प्रखर झोत, मागे घेतली की मंद, आणि आपल्याकडे ओढून सोडली की डिपर. त्यातलं हे शेवटचं तेवढं त्यांच्या हातात बसलं होतं.

खरी गोची डाव्या पायाची होती. त्यांच्या जीपमध्ये दिवे मंद करायचं बटण डाव्या पायाखाली असायचं. या गाडीत नेमक्या त्याच जागी पार्किंग ब्रेक.

लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत पाऊस भुरभुरत होता. तपासनीस बाई म्हणाल्या, झोत प्रखर लागलाय, मंद करा. हात विसरला, पण पायाला आठवलं. गाडी भर रस्त्यात गचकन थांबली आणि बाईंचा चष्मा त्यांच्याच मांडीवर पडला. निकाल विचारायची गरज उरली नाही.

आता दुसरी खेप. भारतातल्या लायसन्सवर चालवायची मुदत शनिवारी संपत होती. बुधवारी रात्री जेवताना लेक राजश्री हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, उद्या नाही झालं तर सोमवारपासून श्रियाला आफ्टर-स्कूल केअरमध्ये घालते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

त्यांना फार वाईट वाटलं. तीन वाजता शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं आणि आठ वर्षांच्या नातीला घरी आणायचं, अख्ख्या दिवसात एवढंच काम त्यांचं स्वतःचं होतं. बाकी वसाहत नवी, दुधाची डेअरीसुद्धा चालत अर्ध्या तासावर. गाडी गेली की ते कोपऱ्यात ठेवलेल्या बॅगेसारखे घरात पडून राहणार होते, आणि त्याची त्यांना भीती वाटत होती.

जेवणानंतर श्रियाने गॅरेजमध्ये त्यांची उजळणी घेतली. डाव्या पायावर तिने आपलं जड दप्तर ठेवलं. पाय हलला की ती म्हणायची, "आबा, हँड. नॉट फूट."

झोपण्यापूर्वी त्यांनी एका चिठ्ठीवर निळ्या युटचा नंबर लिहिला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. उद्या अधिकारी भेटणारच आहे, तर रीतसर तक्रार करून टाकतो, म्हणाले.

"बाबा," सुमेध म्हणाला, "आधी पास व्हा."

या वेळचे तपासनीस साठीच्या आसपासचे, टकले, 'किया ओरा' असा इथला नमस्कार गडगडून करणारे गृहस्थ होते. त्यांच्या पँटला पांढरे केस चिकटले होते. बसण्यापूर्वी त्यांनी गाडी पुढून नीट न्याहाळली आणि ते स्वतःशीच हसले. मागच्या परीक्षेची गोष्ट ऑफिसभर झालेली दिसते, असं पुरुषोत्तमरावांना वाटलं आणि त्यांचे कान तापले.

पाऊस आजही होताच. वाटेत तपासनिसांनी दिवे लावायला सांगितले. मग प्रखर. मग मंद. डावा पाय शिवशिवला. त्यावर श्रियाचं दप्तर आहे असं समजून त्यांनी तो दाबून धरला, आणि हाताने दांडी मागे घेतली. गाडी चालत राहिली.

परत आल्यावर तपासनीस बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी कागद पुढे केला. पास. पुरुषोत्तमरावांना एकदम भरून आलं. सोमवारी तीन वाजता फाटकाशी तेच उभे राहणार होते.

त्यांनी डोळे पुसले आणि खिशात हात घातला. जाण्यापूर्वी एका माणसाबद्दल थोडं बोलायचं होतं, असं ते म्हणाले. चिठ्ठी अर्धी बाहेर आली होती.

"मलाही तुमच्याशी बोलायचंच होतं, पण निकाल लागेपर्यंत गप्प बसलो," तपासनीस म्हणाले. "शाळेजवळच्या पुलावर दुपारी निळी युट घेऊन येतो, तो मीच. हक्क तुमचा असतो, तरी रोज न चुकता दिवे दाखवून तुम्ही मला आधी जायला सांगता. इतका सभ्य ड्रायव्हर मी या गावात दुसरा पाहिला नाही."