तळाला नेलेली रेघ

हातावर सात टाके पडले, तरी नऊ वर्षांची शाल्मली रडली नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कुत्री गुरगुरत होती ना? मग मागे का नाही सरलीस?"

"भीतीच नाही वाटली. तिची पिल्लं इतकी गोड होती."

शेजारी बसलेल्या तिच्या बाबाने, हृषीकेशने, हातातला मोबाइल उलटा केला. शनिवारी शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. स्टेजवर पोरीची बोबडी वळू नये म्हणून त्याने मोबाइलवरून तिच्या अॅड्रेनलिनची, म्हणजे भीती जागवणाऱ्या रसाची, रेघ पार तळाला नेली होती. तिच्या दंडावरच्या, मोबाइलला जोडलेल्या पट्टीने मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना निमूट गप्प केलं. शाल्मलीने पहिलं बक्षीस आणलं, घरोघर पेढे गेले आणि रेघ पुन्हा वर करायचं तो साफ विसरला. आज मंगळवार होता.

"पट्टीच्या सेटिंगला कुणी हात लावला होता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही," हृषीकेश म्हणाला आणि मोबाइल मांडीआड धरून त्याने रेघ वर सरकवली.

मिनिटभरात शाल्मलीचे हात थरथरू लागले. तिने बँडेजकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि बाबाला घट्ट बिलगली.

"बाबा, तू जाऊ नकोस ना."

त्या खोलीत तिला भीती वाटत नव्हती ती फक्त त्याची.