नंबराआधीचं मोकळं घर

सॉफ्टवेअर इंजिनिअर मैत्रीचं बोट साहेबांना तक्रारीचा मेल पाठवायच्या बटणावर होतं. मेलमध्ये एकच नाव होतं, रंगराव. चाकणच्या या कारखान्यात स्टोअर सांभाळता सांभाळता त्यांची तीस वर्षं गेली होती, निवृत्तीला पाच महिने उरले होते. मेल गेला की त्या पाच महिन्यांवर पाणी पडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण म्हाताऱ्याची गय तरी का करायची? पहिल्या दिवसापासून तो तिच्या नव्या सिस्टिमवर खार खाऊन होता. नवी लेबलं लागली आणि स्कॅनरनं एकच धोशा लावला, खोका सापडत नाही. जुन्या लेबलांचे खोके मात्र बिनबोभाट निघत होते. आणि आज सकाळी तिला दिसलं, अडलेल्या प्रत्येक खोक्यावर, नंबराच्या अलीकडे, पेन्सिलीची बारीक उभी रेघ. जुन्या खोक्यांवर एकही नाही. म्हणजे नवी लेबलं तोच बिघडवत होता.

निदान तोंडावर विचारावं, म्हणून ती लॅपटॉप घेऊन स्टोअरमध्ये गेली. रंगराव कानाला पेन्सिल लावून रॅकपाशीच उभे होते.

"काका, या रेघा तुम्ही मारल्या?"

"व्हय, मीच," ते म्हणाले. "तुमच्या लेबलावर नंबराआधी एक घर मोकळं सुटतंय. वहीत आमी असं घर कधी सोडत न्हाई. मागून कुणीबी तिथं उणे घालतंय. उणे म्हंजे खोका गहाळ, आन् चोर स्टोअरवाला. म्हणून रेघ मारून घर बुजवलं."

मैत्रीनं लेबल डोळ्यांजवळ नेलं. नंबर खरंच एका अक्षराएवढा आत सरकला होता. सगळे नंबर पाच आकडी दिसावेत म्हणून डेटाबेसमधून नंबर मागवणाऱ्या क्वेरीत तिनंच आकड्यांचा मजकूर करून घेतला होता. तसं केलं की डेटाबेस आकड्याआधी एक जागा रिकामी सोडतो. ती रिकामी जागा नंबराला चिकटली होती, आणि यादीत तसा नंबरच नव्हता.

तिनं तिथंच क्वेरी दुरुस्त केली, एक लेबल नव्यानं छापलं. स्कॅनरला खोका सापडला. मग तिनं रंगरावांना डेटाबेसची ही गोम सांगितली, न पाठवलेला मेल दाखवला आणि त्यांच्यादेखत पुसला. मान वर करायची तिला लाज वाटत होती.

रंगराव रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पर तुमचा डेटाबेस ती जागा ठेवतो कशापायी?"

"उणे चिन्हासाठी, काका. आकडा उणे नसला तरी तो आपोआपच ती सोडतो."

रंगरावांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टराटरा फाडला.

"सायबांना द्यायचा अर्ज व्हता. मॅडमनी मला चोर ठरवायला उण्याची जागा राखून ठेवलीया म्हणून."