खांब नसलेला पोर्च

दत्ताजीरावांच्या नव्या बंगल्याचा पोर्च दहा फूट पुढं आलेला आणि खाली एकही खांब नाही. आज स्लॅबखालचे टेकू काढायचे होते. सगळी गल्ली रस्त्यापलीकडं उभी राहून बघत होती.

“मॅडम, एक खांब घालूया की,” दत्ताजीराव पुन्हा म्हणाले.

“लोखंड वरच्या अंगाला घालून पार आतल्या बीमपर्यंत नेलंय. खांब लागत नाही,” आर्किटेक्ट गिरिजा म्हणाली. पण टेकूला हात लावायला मिस्त्रीही धजेना.

तेवढ्यात जयसिंगपूरहून आलेले तिचे वडील, मल्लाप्पा, प्लॅस्टिकची खुर्ची उचलून थेट स्लॅबखाली जाऊन बसले.

“अप्पा, बाहेर या!” गिरिजानं हाक मारली.

“नकाशा तूच काढलाईस न्हवं?” एवढं बोलून ते मिस्त्रीवर ओरडले, “काढ रं!”

टोकापासून एकेक टेकू निघत गेला. शेवटचाही निघाला. स्लॅब जागचा हलला नाही.

दत्ताजीरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “पावणं, झालं की! उठा आता, आत चला, चहा घेऊया.”

मल्लाप्पांनी पायावर पाय टाकला.

“चहा हितंच आणा. मागच्या गल्लीनं अजून कुठं बघितलंय!”