आठशे मीटरवर रेवती

शुक्राच्या ढगांत तरंगणाऱ्या शहरांना वारा सतत वाहून नेत असे, त्यामुळे त्यांच्या विमानतळांमधलं अंतर रोज नव्यानं काढावं लागे. अरुंधती पोतनीस हेच काम करायची. तिची बहीण रेवती दुसऱ्या शहरातली एकुलती एक डॉक्टर. तिला तिथून हलता येत नव्हतं. विमानानं तिथे जायला कधी सहा तास लागत, कधी अठरा. अप्पांच्या हृदयाला तो प्रवास झेपणारा नव्हता. नऊ वर्षांत बापलेकींची भेट नव्हती.

त्या सकाळी अरुंधतीनं गणित तीनदा तपासलं. अंतर आठशे मीटर! प्रवासाच्या वेळेपुढे काय लिहावं, तिला सुचेना; विमान सुटेपर्यंत रेवतीचं शहर पुढे निघून गेलेलं असणार होतं. रेवतीला फोन करून ती घरी धावली.

"अप्पा, चला, काचेच्या गच्चीवर!"

"कशाला गं?"

"रेवती येतेय. अख्ख्या शहरासकट!"

पिवळे ढग दुभंगले आणि डोंगराएवढं शहर, हजारो खिडक्या उजळत, आवाज न करता समोरून सरकू लागलं. त्याच्या गच्चीत कुणीतरी लाल ओढणी हलवत होतं. अप्पांनी दुर्बीण लावली.

"अगं, केस पिकले की हिचे!" ते म्हणाले, आणि शहर ढगांत विरेपर्यंत त्यांनी वर केलेला हात खाली घेतला नाही.