एरोड्रमच्या गेटासमोर

“मी गेटासमोरच उभा आहो, जावईबापू! तुमी कुठी आहा?” डोमाजी मोबाईलमध्ये ओरडला.

“आम्हीही गेटासमोरच आहोत, मामा,” पलीकडून शरदचंद्रांचा आवाज आला. “पांढरी गाडी म्हणालात ना? इथं सगळ्या पांढऱ्याच गाड्या आहेत.”

“इथं तं एकच हाय.”

डोमाजीनं वळून पुन्हा पाहिलं. दौलतची पांढरी गाडी एकटीच उभी होती. दौलत बॉनेटला टेकून शेंगा खात होता. मागच्या सीटवर डोमाजीची मोठी बहीण रेणुकाबाई बसली होती. तिघंही सकाळीच आपल्या जैनथ गावाहून निघून इथं येऊन थांबले होते.

रेणुकाबाईची लेक चारुलता मस्कतहून सुट्टीवर येत होती. बरोबर नवरा शरदचंद्र आणि मुलगी. मुलगी तिकडेच जन्मली. रेणुकाबाईनं आपल्या नातीला अजून पाहिलं नव्हतं. जावयानं आधीच बजावून ठेवलं होतं, “सुट्टी थोडी आहे. गाडी वेळेवर मिळाली तर आधी जैनथला येऊ. नाही तर माझ्या दादाकडे सिकंदराबादला राहू आणि मग जमेल तसं बघू.” जमेल तसं म्हणजे काय, हे रेणुकाबाईला मागच्या सुट्टीत कळलं होतं. त्या वेळी जमलं नव्हतं.

गाडी ठरवायचं काम डोमाजीकडे होतं. जावयानं त्याला फोनवर नीट समजावलं होतं. विमानतळाच्या आत काउंटर असतात. तिथून गाडी घेतली की महाग पडते, कारण काउंटरच्या जागेचं भाडं शेवटी आपल्याच बिलात येतं. तेव्हा बाहेरची गाडी ठरवायची आणि विमानतळाच्या गेटासमोर उभी करायची. डोमाजीला ते लगेच पटलं. बसस्टँडवरच्या जीपवाल्यांचंही असंच असतं. त्यानं दौलतची गाडी ठरवली आणि भाडं कळवलं. “इतक्या स्वस्तात?” जावई खूश झाले. “मामा, तुम्ही तर कमाल केलीत!”

आणि आता अर्धा तास झाला तरी कोणी कोणाला दिसत नव्हतं.

“मामा, समोर चहाचं दुकान आहे का?”

“हाय ना. आत्ताच पेलो.”

“मग आम्ही कसे दिसत नाही? तुमच्या आजूबाजूला गर्दी आहे का?”

“कायची गर्दी? चार शेळ्या चरून राह्यल्या.”

“शेळ्या?” शरदचंद्रांनी विचारलं. “मामा, तुम्ही कोणत्या विमानतळावर आहात?”

“आपल्या आदिलाबादच्या. दुसरं कोणतं हाय इथं?”

दौलतला ठसका लागला. आदिलाबादचं एरोड्रम म्हणजे एक जुनं गेट आणि गावाच्या कडेचं मोकळं मैदान. निजामाच्या वेळी केव्हातरी तिथं विमान उतरलं असेल. आता पोरं तिथं सायकल शिकतात. डोमाजीला वाटलं होतं, जावई हैदराबादहून बसनं येतील आणि स्टँडवरचे जीपवाले चुकवायचे म्हणून एरोड्रमपाशी उतरतील. त्यानं गाडी तिथवरचीच ठरवली होती. भाडं स्वस्त पडलं ते त्यामुळेच.

“मामा, आम्ही हैदराबादला आहोत! शमशाबादच्या विमानतळावर!”

डोमाजीचा मोबाईल असा होता की पलीकडचं बोलणं चारचौघांना ऐकू यायचं. शरदचंद्र आता चारुलताशी बोलत होते. तेही ऐकू आलं. “इथं यायला त्यांना सहा-सात तास लागतील. काउंटरवरच्या गाडीचं भाडं तू ऐकलंस ना? दादाला फोन लाव. राहू दे या वेळी जैनथ.”

“अहो, पण आई...”

“आईंना सांग, पुढच्या सुट्टीत नक्की.”

डोमाजीनं कपाळावर हात मारला. “काऊन नाही इचारलं म्या? एक शब्द इचारला असता तं...”

“मामा, मस्कतच्या पाहुण्याले आदिलाबादेत उतरवून राह्यला व्हता तुमी,” दौलत म्हणाला. “सांगतलं असतं तं मी धावपट्टी झाडून ठेवली असती.”

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. रेणुकाबाई खाली उतरली आणि तिनं डोमाजीच्या हातातला मोबाईल घेतला.

“चारू, इमान कुठवर आलं वं?”

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही.

“मी मघापासून वर पाहून राह्यली. मान दुखून आली. ऊन बी लागून राह्यलं. पण मी काही हालत नाही. तुमचं इमान उतरल्याबिगर घरी जात नाही मी.”

“आई, अगं, विमान तिथं...” चारुलता म्हणाली. मग तिकडे बराच वेळ कुजबुज झाली. डोमाजी बहिणीकडे बघतच राहिला. दौलतच्या हातातली शेंग तशीच राहिली.

फोनवर शरदचंद्र आले. या वेळी त्यांचा आवाज खाली होता. “आई, तुम्ही सावलीत बसा. जेवून घ्या. आम्ही काउंटरवरची गाडी घेऊन निघतो. संध्याकाळपर्यंत तिथं येतो. तिथंच.”

फोन बंद झाला.

“अक्का, हे काय बोलली तू?” डोमाजी म्हणाला. “जल्म गेला आपला इथं. या मैदानात इमान उतरलेलं कधी पाह्यलं तू? जावई काय म्हणन? साऱ्या मस्कतले सांगत सुटन, सासू येडी हाय म्हणून.”

“सांगू दे,” रेणुकाबाई म्हणाली. तिनं मोबाईल त्याच्या हातात दिला आणि कडुनिंबाच्या सावलीत जाऊन बसली. “इमान नाही उतरत इथं, मले ठाऊक हाय. पण आता नात उतरन.”